निळी टिकली

मास्तरांनी कधी शाळेत शिकवलं नव्हतं. ते वेल्डिंगची मशीनं दुरुस्त करायचे. पण गिऱ्हाइकानं मशीन टेबलावर ठेवलं रे ठेवलं की आधी त्याचीच तोंडी परीक्षा सुरू व्हायची: वायर कोणी जोडली, एक्स्टेन्शन केवढं लांब आहे, मशीन ओल्यात ठेवलं होतं का, अर्थिंग आहे की नुसतीच तार लोंबतेय. उत्तर अडखळलं की मास्तर खेकसायचे. म्हणून गेट बनवणाऱ्यांपासून ट्रॉल्या बनवणाऱ्यांपर्यंत सगळेच त्यांना मास्तर म्हणायचे, आणि मास्तरांना तो मान वाटायचा.

लोखंडाच्या गोदामांच्या रांगेत शेवटी त्यांचं दुकान होतं. एक शटर, आत रबराची चटई अंथरलेलं लांब टेबल, भिंतीला स्क्रू ड्रायव्हर आणि पकडी, आणि टेबलाच्या वर वायरीला लोंबणारा एक मोठा बल्ब. दुरुस्तीला आलेलं मशीन मास्तर थेट लाइनला कधीच लावत नसत. आधी त्या बल्बातून. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर मशीनच्या आत शॉर्ट आहे. क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. हे सगळ्या दुरुस्तीवाल्यांना ठाऊक असतं. मास्तरांचा स्वतःचा नियम दुसराच होता. मशीन उघडलं की हात मागे बांधायचे, नुसतं बघायचं, आणि जे दिसेल ते मोठ्यानं बोलायचं. काय असेल ते नाही, काय दिसतंय ते. ते म्हणायचे की मनातल्या मनात बघणारा माणूस स्वतःला फसवतो, तोंडानं बोलणाऱ्याला ते जमत नाही.

हाच नियम त्यांनी बायकोला शिकवला, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

झालं असं होतं की काही वर्षांपूर्वी मास्तरांचं मनगट मोडलं. दुकान बंद ठेवायची सोय नव्हती. मग बायको स्टुलावर बसली, मास्तर शेजारी उभे राहून सूचना देऊ लागले आणि ती स्क्रू फिरवू लागली. प्लास्टर निघालं, पण बायको स्टुलावरून उठली नाही. मास्तरांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट येईल त्याला ते सांगायचे की हिला शून्यापासून शिकवलीय, सोल्डरिंगची कांडी कुठल्या बाजूनं धरायची तेही माहीत नव्हतं. बायको हसायची आणि काम करत राहायची. तेव्हा मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग एकेक जण दुकानात डोकावून विचारू लागला, "वहिनी आहेत का?"

पहिल्यांदा मास्तरांना वाटलं, काही निरोप असेल. दुसऱ्यांदा वाटलं, माणूस वेडा असेल. त्यानंतर मात्र त्यांच्या पोटात दुखायला लागलं. मशीन घेऊन आलेला माणूस मास्तरांना नमस्कार करायचा, तब्येत विचारायचा आणि मशीन नेऊन ठेवायचा बायकोच्या बाजूला. ती आपली उघडून बघत बसायची, पुटपुटल्यासारखं बोलत: पंखा मोकळा आहे, रिलेवर डाग नाही, ब्रिजचा एक कोपरा तपकिरी आहे. गिऱ्हाईक कौतुकानं ऐकत राहायचं. अरे, हे मी शिकवलंय तिला, असं ओरडून सांगावंसं मास्तरांना वाटायचं. पण हे तर ते पूर्वी रोज सांगत होते, आणि आता सांगितलं तर कोण कशासाठी सांगतंय ते लहान पोरालाही कळलं असतं. तेव्हा ते मूग गिळून बसायचे आणि घरी गेल्यावर मीठ कमी पडल्यावरून कटकट करायचे.

या जळफळाटाला खरं तोंड फुटलं ते गेटवाल्यामुळे.

गेटवाला म्हणजे दोन गल्ल्या सोडून असलेल्या फॅब्रिकेशनच्या कारखान्याचा मालक. माणूस गडगडाटी, हसरा. त्याचं एक चांगलं मशीन पुन्हा पुन्हा बंद पडत होतं, आणि दर वेळी रोग तोच: टिकली उडालेली, फ्यूज गेलेला.

टिकली म्हणजे काय ते सांगायला हवं. मशीनमध्ये वायर जिथून आत शिरते, तिथेच तोंडाशी एक निळी गोल चकती बसवलेली असते. पुस्तकात तिला भलंमोठं नाव आहे. दुकानात सगळे तिला टिकली म्हणत. लाइनमधल्या विजेचा दाब ठीक असला की ती नुसती बसून असते. दाब भलताच चढला की सगळा तडाखा ती स्वतःच्या अंगावर घेते, जळते, फ्यूज उडवते आणि तिच्या मागचं महागडं सामान वाचवते. नवी टिकली आणि नवा फ्यूज घातला की मशीन परत चालू.

मास्तरांनी तसं दोनदा केलं. दोनदा मशीन गेलं आणि दोनदा परत आलं. तिसऱ्यांदा गेटवाल्यानं मशीन टेबलावर ठेवलं, मास्तरांकडे बघून हसला आणि म्हणाला, "मास्तर, या खेपेला वहिनींना बघू द्या."

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण "बघू दे की," असं म्हणून ते रस्त्याकडे तोंड करून बसले. कान मात्र टेबलाकडेच होते.

बायकोनं मशीन उघडलं, बघितलं, बोलली. टिकली बदलली, फ्यूज बदलला, बल्बातून तपासलं. आणि मग तिनं गेटवाल्याला एक प्रश्न विचारला, जो मास्तरांना त्यांच्या त्या लांबलचक परीक्षेत कधी सुचला नव्हता. तिनं विचारलं की कारखान्यात दुसरं मोठं मशीन चालू होतं तेव्हा ऑफिसातला दिवा बारीक होतो की मोठा होतो?

गेटवाला विचारात पडला. मोठा होतो, म्हणाला. कॉम्प्रेसर सुरू झाला की दिवा असा पांढराफटक होतो की वाटतं आता फुटेल. बायकोनं नुसती मान हलवली. तेवढ्यात गेटवाल्याचा फोन वाजला, आणि बोलत बोलत तो निघून गेला.

रात्री जेवताना ती मास्तरांना म्हणाली की रोग मशीनला नाहीच. तिकडे मेन बोर्डात न्यूट्रलची तार सैल असणार. एरवी मोठं मशीन चालू झालं की दिवा मंद व्हायला हवा. तो भगभगत असेल तर एका लाइनचा दाब पडून दुसऱ्या लाइनवर चढतोय. हे मशीन नेमकं त्या चढत्या लाइनवर आहे. "उद्या ते मशीन न्यायला येतील तेव्हा मी बाजारात असेन," ती म्हणाली. "त्यांना एवढा निरोप द्या. आधी बोर्ड दाखवून घ्या म्हणावं, नाहीतर किती टिकल्या बदलल्या तरी उडतच राहतील."

मास्तरांनी घास गिळला. ती बरोबर बोलत होती, हे त्यांना तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच कळलं होतं. तेच तर जिव्हारी लागलं. दोनदा मशीन उघडलं, दोनदा तोच रोग बघितला आणि हे आपल्याला का दिसलं नाही? ते तिला बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गेटवाला आला आणि मशीन घेऊन गेला. मास्तरांनी निरोप दिला नाही. विसरले असं म्हणायला जागा नव्हती. गेटवाला शटरबाहेर पडेपर्यंत शब्द त्यांच्या जिभेवर होते. पण निरोप दिला असता तर गेटवाला म्हणाला असता, "काय डोकं आहे वहिनींचं!" आणि ते ऐकायची मास्तरांची तयारी नव्हती.

मशीन अर्थातच चौथ्यांदा परत आलं. बायको तेव्हा तिच्या आईकडे गेली होती. गेटवाल्याचा चेहरा पडलेला होता. "वहिनींनाही नाही जमलं," तो म्हणाला.

या तीन शब्दांनी मास्तरांना जो आनंद झाला तो त्यांना त्यांच्या लग्नातही झाला नसेल. त्यांनी गेटवाल्याला बसवलं, चहा मागवला, तोंडी परीक्षासुद्धा घेतली नाही. मशीन उघडलं. बायकोनं लावलेली टिकली जळून काळी झाली होती. तिनं तिचं काम चोख केलं होतं. मास्तरांनी पकड घेतली आणि टिकली काढून टाकली, नवी लावलीच नाही. फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार बसवली. राखणदारच नसला तर तो मरणार कसा आणि मशीन बंद पडणार कसं? धंद्यातले आळशी लोक असं करतात, आणि असं करणाऱ्यांना मास्तर आयुष्यभर शिव्या देत आले होते. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. मशीन चालू झालं.

"आता नाही येणार परत," मास्तर म्हणाले.

आणि ते खरोखरच आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. गेटवाला येता-जाता हाक मारायचा, चार लोकांत सांगायचा की शेवटी मास्तरांचाच हात लागावा लागला. मास्तरांची मान ताठ झाली. घरी त्यांनी मिठावरून बोलणं सोडलं. बायकोनं विचारलं की काय केलंत, तर ते म्हणाले की अनुभव लागतो. तिनं विचारलं की निरोप दिला होता का, तर ते म्हणाले की लाइनीत काही नव्हतं.

तिनं यावर वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं. दुकानात काम करताना तिचं बोलणं थांबत थांबत येऊ लागलं. जे दिसायचं ते बोलून ती मास्तरांकडे बघायची, बरोबर आहे ना, अशा नजरेनं. एकदा तर साधा जळालेला स्विच बदलायच्या आधीही तिनं त्यांना विचारलं. एका गिऱ्हाइकानं वहिनींना दाखवा म्हटलं तेव्हा तीच म्हणाली, नको, यांनाच दाखवा. मास्तरांना हे हवं होतं. कित्येक महिने हेच हवं होतं. मग ते मिळाल्यावर गोड का लागत नाही, हे त्यांना कळेना. तरी त्यांनी ते नाकारलं मात्र नाही.

एका दुपारी बायको सुटे भाग आणायला बाजारात गेली असताना गेटवाल्याची गाडी दुकानासमोर थांबली. तो हसत नव्हता. मागे मशीन होतं, झाकण फुगलेलं. त्यानं सांगितलं की कारखान्यात कॉम्प्रेसर सुरू झाला, आणि मशीनमध्ये बंदुकीसारखा बार झाला. त्याचा कारागीर नेमका त्याच क्षणी वेल्डिंगची कांडी घ्यायला बाजूला वळला होता. "वाकलेला असता तर डोळे गेले असते हो," गेटवाला म्हणाला. त्याचा आवाज अजून ठिकाणावर नव्हता.

काय झालं असेल ते झाकण न उघडताच मास्तरांना माहीत होतं. चढलेला दाब अडवायला दारात कोणी नव्हतं; तो सरळ आत शिरला आणि कॅपॅसिटर फुटले. खरं म्हणजे तेव्हाच तोंड उघडायचं. पण मास्तरांच्या मनात पहिला विचार कारागिराच्या डोळ्यांचा आला असला, तरी दुसरा विचार असा आला की आता बायको येईल आणि बघेल.

त्यांनी गेटवाल्याला पाणी प्यायला समोरच्या टपरीवर पाठवलं. भंगाराच्या डब्यातून एक फुटलेली टिकली काढली, तिचे तारेचे दोन पाय वाकवले आणि रिकाम्या जागी सोल्डर करून टाकली. जाड तार उपटून तिथे एक गेलेला फ्यूज बसवला. काम नीटनेटकं झालं. आता कोणीही बघितलं तर म्हणेल, टिकली होती, फ्यूज होता, सगळं जागच्या जागी होतं. तडाखाच एवढा मोठा होता, त्याला मास्तर काय करणार?

गेटवाला परत आला आणि त्याच्या मागोमाग बायकोही आली. तिनं पिशवी ठेवली, झाकण उघडलेलं मशीन बघितलं, आणि सवयीनं हात मागे बांधून टेबलापाशी उभी राहिली. मास्तरांनी तिला बाजूला हो म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर ती बोलू लागली होती.

"दोन्ही कॅपॅसिटर फुटलेत," ती म्हणाली. "झाकणाला आतून काजळी. पंख्यावर काजळी. ब्रिज काळा. फ्यूज गेलेला. टिकली फुटलेली." ती थोडी वाकली. "टिकलीच्या मागच्या भिंतीवर काजळी आहे. टिकलीवर नाही. टिकलीच्या पायांशी सोल्डर चकचकीत आहे. बाकी बोर्ड सगळा काळा, आणि तेवढं..."

ती थांबली.

गेटवाल्याला काही उमगलं नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की वहिनी बोलता बोलता गप्प झाल्या. तिनं त्याला विचारलं की बोर्ड कोणाला दाखवला होता का. गेटवाला म्हणाला, कुठला बोर्ड? मला कोणी काही बोललं नाही. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला की जाऊ द्या वहिनी, तिसऱ्या वेळी तुमच्याकडूनच काहीतरी आत राहून गेलं असेल, होतं माणसाकडून.

बायकोनं मास्तरांकडे बघितलं. चिडून नव्हे. इतके दिवस स्वतःचं काय चुकलं ते शोधणाऱ्या माणसाच्या नजरेनं बघितलं, आणि ते मास्तरांना सोसवेना.

"मी लावलेल्या टिकलीच्या जागी तुम्ही काय लावलं होतं?" तिनं विचारलं.

मास्तरांना अजूनही खोटं बोलता आलं असतं. गेटवाल्याला पायांवरच्या सोल्डरमधलं काही कळत नव्हतं, आणि बायको बाहेरच्या माणसासमोर एक अवाक्षर काढणार नाही याची त्यांना खात्री होती.

"काही नाही," ते म्हणाले. "रिकामीच ठेवली होती. ही आत्ता लावली, तुला दिसू नये म्हणून. निरोपही मीच दिला नाही."

गेटवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. कशासाठी, असं त्यानं विचारलं. पुन्हा विचारलं.

"तुम्ही वहिनींना बघू द्या म्हणालात म्हणून," मास्तर म्हणाले. "मला ते सहन होत नाही. दुकान माझं, शिकवलं मी, आणि माणूस येतो तो तिला विचारत येतो. जळतो मी तिच्यावर."

एवढं बोलून ते स्टुलावर बसले. गेटवाल्याला कारागिराचे डोळे आठवले असतील. त्याच्या कपाळावरची शीर फुगली, आणि आता हा माणूस हात उगारतो की काय असं वाटलं. पण मास्तरांचा चेहरा बघून त्याचा राग भलतीकडेच वळला. तो जवळजवळ वैतागून म्हणाला, "अहो मास्तर, त्यासाठी मशीन जाळलंत? आम्ही वहिनींना का दाखवतो माहितीय? तुम्ही खेकसता. त्या खेकसत नाहीत, बस. बाकी कामाचं म्हणाल तर काय, दोघांचं सारखंच."

मास्तरांना हायसं वाटायला हवं होतं. हेच ऐकण्यासाठी तर त्यांनी इतका आटापिटा केला होता: बायको काही त्यांच्या वर चढलेली नाही, त्यांचा हात जरासुद्धा कमी नाही. पण त्यांचं लक्ष बायकोकडे गेलं. मशीन जळालं तेव्हा, टिकली खोटी निघाली तेव्हा, नवऱ्यानं फसवल्याचं कळलं तेव्हाही तिचा चेहरा असा उतरला नव्हता. ती टेबलावर सांडलेले स्क्रू गोळा करायला लागली.

"सारखं नाही," मास्तर म्हणाले.

गेटवाल्याला नीट ऐकू आलं नाही.

"सारखं नाही म्हणतोय," मास्तर खेकसले. "मी ते मशीन दोनदा उघडलं. मला लाइनीतला दोष दिसला नाही. हिनं एक प्रश्न विचारला आणि तुमचा कारखाना न बघता सांगितलं की न्यूट्रल सैल आहे. ती माझ्यापेक्षा चांगली आहे. तुम्ही तिला खेकसत नाही म्हणून दाखवत असाल, तर तुम्हाला काही कळत नाही."

खरं बोललं की मन हलकं होतं, असं लोक सांगतात. मास्तरांना तसं काही झालं नाही. मघाशी पोटात जे जळत होतं ते अजून तिथेच होतं. फरक एवढाच की आता ते टेबलावर सगळ्यांसमोर मांडलेलं होतं. उद्यापासून शटरमध्ये डोकावणारा प्रत्येक जण वहिनी आहेत का विचारणार, आणि आता खुद्द मास्तरांनीच त्याला तसं सांगून ठेवलेलं असणार.

बायकोनं स्क्रू डबीत टाकले. नवऱ्याला माफ केलं की नाही ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं, आणि ते एवढ्यात ठरणारही नव्हतं. तिनं मीटर पिशवीत घातलं, रबराचे हातमोजे घेतले आणि गेटवाल्याला म्हणाली, "आधी तुमचा बोर्ड बघू. तोवर तिकडे कुठलंच मशीन लावू नका."

दारात थांबून तिनं मागे बघितलं.

"चला," ती मास्तरांना म्हणाली. "मेन स्विच बंद करून त्याच्यापाशी कोणीतरी उभं राहायला लागेल. मी आत हात घातलेला असताना तिथे मला परका माणूस चालणार नाही."

मास्तर उठले आणि तिच्या मागोमाग निघाले.